उलटं लावलेलं कातडं

प्रिय ताई,

आर्नहेमच्या फलाटावर बसलोय. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे, आणि इथे ज्याच्यावर ओरडावं असा माणूस नाही. नुसता एक फळा आहे, तो न बोलता मिनिटं वाढवत नेतो. म्हणून तुला लिहायला घेतलंय. तू गेल्यापासूनच्या सात आठवड्यांत मी तुझ्यावर मनातल्या मनात इतका ओरडलोय, की आज ते कागदावर उतरलं नाही तर मी इथल्या कबुतरांवर ओरडायला लागेन.

सकाळी डीमनच्या घरून निघालो तेव्हा खांद्याला तुझं धनुष्य होतं, तूच जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी घालून. आता हात रिकामे आहेत. पोचवलं. झालं तुझं काम! झालं समाधान?

पण मला एक सांग, हे काम मलाच का? तुमच्या अख्ख्या आल्मेरेत तुला दुसरा माणूस मिळाला नाही? तुझ्याबरोबर धनुष्य करायला शिकलेले ते दोन उंचच उंच डच गृहस्थ होते, ज्यांचा हात नुसता फिरला तरी लाकूड शहाण्यासारखं वागतं. दाजी होते. गेली दहा वर्षं ते तुझा भुसा झाडतायत, निदान कुठलं हत्यार कुठे टांगायचं ते त्यांना कळतं. आणि तू नेमलंस कुणाला? ज्याला भिंतीत खिळा ठोकता येत नाही त्याला!

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी तुझी रेघांची वही माझ्यासमोर ठेवली. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'हो' आणि 'चहा' याखेरीज शब्द निघत नव्हता. वहीत सगळं नीट लिहिलेलं. रंधे कुणाला द्यायचे, कानशी कुणाला, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी कुणाला. आणि शेवटच्या पानावर: 'मारायकेबाईंचं धनुष्य तयार आहे. फक्त पाठीला सापाची कातडी लावायची राहिलीत. ती सुगतने लावायची. दुसऱ्या कुणीही नाही.' 'कुणीही'च्या खाली दोन रेघा.

सापाची कातडी! मी! माझं त्यावर काय म्हणणं होतं ते तुला माहीत नव्हतं? तुला कशाला, भरल्या सभागृहाला माहीत होतं.

मागच्या वर्षीची जयंती आठवते ना? आठवते ना काय विचारतोय मी! दाराशी ओळीने टेबलं मांडली होती. नवऱ्यांच्या मागे या देशात आलेल्या आपल्या बायकांनी इथे जे जे उभं केलं ते सगळं त्यांवर. कुणाचे घरचे मसाले, कुणी शिवलेल्या पिशव्या, आणि कोपऱ्यात तुझी धनुष्यं. मी मंचावर होतो. विषय होता 'आचरणातला धम्म'. सकाळपासून घसा तापला होता, सभा हातात आली होती, आणि नेमकं माझं लक्ष तुझ्या टेबलाकडे गेलं. तू दोन कातडी उलगडून कुणाला तरी दाखवत होतीस. नारिंगी, तांबड्या ठिपक्यांची, चार-चार फुटांची. आणि माझ्या तोंडून निघून गेलं...

नाही, खोटं कशाला बोलू? निघून नाही गेलं. मी आधी थांबलो, सभा पुरती शांत होऊ दिली, आणि मग आवाज चढवून म्हणालो, "सकाळी पंचशील घ्यायचं, प्राणिहिंसा करणार नाही म्हणायचं, आणि दुपारी सापाचं कातडं पसरून दुकान मांडायचं! हा कुठला धम्म, बंधू-भगिनींनो?"

टाळ्या पडल्या. माना वळल्या. तू कातडी वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली ठेवलीस. जेवणाच्या वेळी नेहमीप्रमाणे भात वाढायला उभी राहिलीस, आणि माझ्या ताटात वाढताना एवढंच म्हणालीस, "माईक फार जवळ धरतोस. आवाज फुटतो."

बस! ताई, ही काय रीत झाली? भाताचं पातेलं माझ्या डोक्यावर उपडं केलं असतंस तर मी समजू शकलो असतो. चारचौघांत कान धरला असतास तरी चाललं असतं, मोठी बहीण आहेस. तू काय केलंस? लिंबाची फोड हवी का विचारलंस!

त्यानंतर वर्षभर आपण बोलत होतो, नाही कशाला म्हणू? रविवारचे फोन चुकले नाहीत. मग तुझं दुखणं निघालं, आणि बोलायला विषयच विषय झाले. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे कधी जायचं, तपासणीचा निकाल कधी, आज भूक लागली का. कातड्यांचा विषय तू काढला नाहीस. मी तर काढणारच नव्हतो. माझ्या लेखी तो निकालात निघालेला मुद्दा होता. मी बोललो होतो, सभेने मान्य केलं होतं.

तुला लहानपणापासून हीच खोड. भांडायचंच नाही! बाबा कारखान्यात सुतार होते. घरी आले की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाट, चौरंग, खुर्च्या दुरुस्त करायचे. मला ते वक्तृत्व स्पर्धांना धाडायचे आणि तुला फळी धरायला बसवायचे. मी ढाली जिंकून आणायचो आणि त्या ठेवायला भिंतीवर फळी तू मारायचीस. कधी म्हणाली नाहीस, मलाही बोलायचंय म्हणून. आणि मी तरी कधी विचारलं? मला वाटायचं, तुला लाकूड आवडतं. ते आवडत होतंच, पण विचारायला काय झालं होतं मला?

पंधरा वर्षांपूर्वी तू दाजींच्या मागोमाग इथे आलीस. पहिली तीन वर्षं अख्ख्या इमारतीची पार्सलं तू घ्यायचीस, कारण दिवसभर घरी असणारी तू एकटीच. मग वस्तीतल्या कुठल्याशा कार्यशाळेत धनुष्य करायला शिकवतात असं तुला कळलं. त्या संध्याकाळी तुझा फोन आला होता, "सुग्या, मी आज लाकूड वाकवलं! अर्ध्यापर्यंत ओढलं, आणि ते मोडलं नाही रे!"

मी काय म्हणालो? "धनुष्य? या जमान्यात? त्यापेक्षा डचच्या परीक्षेला बस."

तू बसलीस. पासही झालीस. त्या उंच माणसांबरोबर स्खूरमध्ये, म्हणजे तुझ्या परसातल्या त्या लाकडी खोपटात, भुशात उभं राहून तू डच बोलायला शिकलीस. आणि मी? ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, दुकानात बोट दाखवायचं. इतक्या वर्षांत माझं डच बोलणं 'पिशवी नको' याच्या पुढे गेलं नाही, कानावर पडून निम्मं कळतं तेवढंच. हे आता सांगायचं कारण पुढे कळेल.

तर, कातडी.

महिन्यापूर्वीच्या एका शनिवारी सकाळी मी तुझ्या स्खूरमध्ये उभा राहिलो. वाटलं होतं, तासाभरात उरकेल. चिकटवायचं तर आहे! वही उघडली. ताई, ही काय माणसाला सूचना देण्याची भाषा आहे? 'हात धू. साबणाने. कोपरापर्यंत. तू नीट धूत नाहीस.' 'धनुष्याची पाठ स्पिरिटने पूस. पुसल्यावर बोट लावू नकोस. लावशीलच, तर परत पूस.' 'कातडी कोमट पाण्यात सोड. कोमट म्हणजे तुझं कोमट नाही, माझं.' 'डिंक पातळ लाव, लाकडालाही आणि कातड्याच्या आतल्या अंगालाही. भाषण करू नकोस. डिंक थांबत नाही.'

आणि मला तर धनुष्याची पाठ म्हणजे कुठली बाजू इथपासून सुरुवात. ती ओढणाऱ्याच्या तोंडाकडची नसते, लक्ष्याकडची असते, हेही वहीतच कळलं. म्हणजे ज्याच्या हातात धनुष्य, त्याला कातडं दिसतच नाही! मग लावायचं कशाला? तेही तू लिहून ठेवलं होतंस, जणू मी समोर उभा राहून विचारतोय: 'पाठीवर ताण येतो. कातडं लाकडाला थोडं धरतं, ओल लागू देत नाही. आणि सुंदर दिसतं. तेवढं कारण पुरे आहे, वाद घालू नकोस.'

वाद घातला नाही. पाण्यात पडल्यावर कातडी इतकी मऊ झाली की हातात घेताना माझ्या अंगावर काटा आला. भिजलेल्या मलमलीसारखी. टॉवेलवर टिपून घेतली. धनुष्याच्या खालच्या अर्ध्या भागाला पहिलं कातडं लावलं, मुठीपासून टोकाकडे, अंगठ्याने मधून कडेला हवा काढत. झालं बरं का! मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग वरचा अर्धा भाग.

वहीत लिहिलं होतं: 'दोन्ही सापांची डोक्याकडची बाजू मधे, मुठीपाशी. शेपट्या दोन्ही टोकांना.'

मी थबकलो. म्हणजे वरच्या भागात सापाचं डोकं खाली आणि शेपूट वर? आपल्या घरातलं मुचलिंदाचं चित्र डोळ्यांपुढे आलं. भगवंतांच्या मस्तकावर त्याने फणा धरलाय, तो फणा वर असतो की खाली? नागवंशाच्या वारशावर मी इथल्या प्रत्येक गावात बोललोय, आणि मीच त्याला डोकं खाली करून टांगू? मला वाटलं, आजारपणात लिहिताना तुझी गफलत झाली. बिचारी ताई, म्हटलं, औषधांच्या ग्लानीत होती.

मी तुझी चूक सुधारली, ताई. डोकं वर, शेपूट मुठीपाशी. दाबून, हवा काढून, अगदी गुळगुळीत.

तेवढ्यात दाजी चहा घेऊन आले. कप ठेवला, धनुष्याकडे बघितलं, मुठीवरून वरच्या टोकाकडे एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "उलटं."

"काय उलटं?"

"कातडं उलटं लावलंयस. बोट फिरवून बघ."

फिरवलं. खालच्या भागावर बोट पाण्यावरून जावं तसं गेलं. वरच्यावर खवले अडत होते, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसे.

"दाजी, पण नागाचा फणा वर असतो."

"नाग कुठाय? काचेच्या पेटीत पाळलेला साप आहे हा. आणि बाई ते भिंतीवर आडवं टांगणार आहे. आता सांग, आडव्याला वर कुठलं?"

"पण एक तत्त्व म्हणून..."

"तत्त्व तुझ्या कमरेला बांधलंय. तो पट्टा कसला आहे रे, वांग्याचा?" मी खाली बघितलं. चांगला रुंद, तपकिरी, चामड्याचा पट्टा. जयंतीला मंचावर हाच होता. "काढ," दाजी म्हणाले, "पट्टा नाही, कातडं. डिंक धरायच्या आत काढ!"

तुझ्यामागे दाजी पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलले, आणि तीही मला झापायला. तुला बघायला आवडलं असतं. मला अजिबात आवडलं नाही.

मग जी धावपळ झाली ती सांगत नाही. कोमट पाण्याचं फडकं, आणि सुपरमार्केटचं सवलतीचं कार्ड कातड्याखाली सरकवत एक एक बोटभर सोडवायचं. दाजी म्हणत होते, "हळू. अरे हळू! सभा आहे का ही?" मी हळूच होतो. आणि तरी शेपटीपाशी आवाज झाला. बारीकच, कुणी जुनं कापड फाडावं तसा. अंगठ्याएवढी चीर.

मी हात वर केले. म्हटलं, "दाजी, दुसरं आणू. इथे सगळं मिळतं. मी आत्ता शोधतो, दोन दिवसांत घरी येईल."

"दुसरं नाही मिळायचं."

"मिळेल हो! सापाच्या कातड्याला काय..."

"हे त्या मारायकेबाईंचे साप आहेत. वीस-बावीस वर्षं पाळलेले. म्हातारे होऊन मेले, एकामागोमाग एक. ते कातडं त्यांचं, म्हणून धनुष्य त्यांचं. तुला माहीत नाही?"

"नाही."

"विचारलं नाहीस?"

मी सवलतीच्या कार्डावरचा डिंक पुसायला लागलो.

"वर्ष झालं, सुगत," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "एवढ्या लोकांसमोर बोललास तिला. आणि वर्षभरात एकदाही विचारलं नाहीस, ताई, साप मारले कुणी?"

मग त्यांनी बाह्या सारल्या आणि माझ्यासमोर उभे राहिले. आम्ही कातडं सुलट फिरवलं, चिरेच्या दोन्ही कडा बोटाच्या टोकाने एकमेकींना भिडवल्या आणि दोघांनी दोन बाजूंनी दाबत राहिलो. मधून कडेला. मधून कडेला. वरून जखमेवरची जाळीची पट्टी गुंडाळली. आधी वाटलं, लाज वाटतेय. मग लक्षात आलं, मला तुझा भयंकर राग आलाय!

येणार नाही? एक वाक्य होतं, ताई! 'साप म्हातारे होऊन मेले.' चार शब्द! जेवताना बोलली असतीस, फोनवर बोलली असतीस, तुझ्या त्या पलंगाशी मी रोज तासन्‌तास बसायचो आणि धम्मावर, राजकारणावर, इथल्या डॉक्टरांवर बडबडत असायचो, तेव्हा बोलली असतीस! तू मला वर्षभर चुकीचं राहू दिलंस. चुकीचा माणूस म्हणून तुझ्या उशाशी बसू दिलंस. हे क्षमा करणं झालं का? क्षमा केली तर निदान सांगावं माणसाला! आणि शिक्षा केली असशील, तर तीही सांगायला हवी होती, मी भोगली असती. तू नुसती वहीत दोन रेघा मारून निघून गेलीस.

दाजींना विचारलं, "मलाच का लावायला सांगितलं तिने?"

"मला काय ठाऊक?" ते म्हणाले. "बहीण तुझी."

दोन दिवस वाळू दिलं. कडेचं जास्तीचं कातडं कानशीने उतरवलं, एकाच दिशेने, खाली. (वहीत: 'वर ओढशील तर सगळं सोलून निघेल. मग रडत बसशील.') सैल खवले चिकटपट्टीने उचलले. वॉर्निशचे तीन हात दिले आणि मधल्या जोडावर सुती दोरी गुंडाळली. प्रत्येक शनिवारी आल्मेरेला जात होतो. आमच्या घरी तुझी भावजय वैशाली म्हणायला लागली, "आता तुला भाषणाला बोलावलं तर तू जाशील का, की धनुष्याला विचारशील?" चीर मात्र लपली नाही. वॉर्निशखाली ती आणखी उठून दिसायला लागली.

आणि आज आर्नहेम. गाडीत तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, वाद्य आहे का? मी मान हलवून 'या', म्हणजे हो, म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो, कुठल्या शब्दांत? झालं, सकाळी नऊ वाजताच एक शील मोडलं.

मारायकेबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. घर अर्धं रिकामं, भिंतीशी खोकी. पुढच्या आठवड्यात त्या वृद्धाश्रमात जातायत, एका खोलीत. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, सावकाश, मला समजेल अशा डचमध्ये, "तू तो भाऊ. ज्याला माझे साप आवडत नाहीत."

म्हणजे यांना सांगितलं होतंस तू! मला नाही, यांना!

मी तयारी करून गेलो होतो. तीन परिच्छेद, संगणकाकडून डचमध्ये करून घेतलेले, खिशात. त्यात करुणा होती, परंपरा होती, गैरसमज हा शब्द दोनदा होता. कागद काढला. पहिली ओळ वाचली. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना एक अक्षर कळलं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही. मी कागदाची घडी घातली. मराठीत मी अख्खं सभागृह उठवून उभं करतो, ताई. तिथे माझ्याकडे तीन शब्द होते.

"मी विचारलं नव्हतं."

त्यांनी काठीने एका खोक्याकडे खूण केली. मग म्हणाल्या, "मग विचार."

एवढं सोपं असतं ते? मी खोक्यावर बसलो आणि विचारलं, "ते कसे गेले?"

त्या तासभर सांगत होत्या. मी निम्मं समजलो, उरलेलं त्यांच्या हातांवरून. एकीचं नाव बेप, दुसरीचं तोस. बेप एका सकाळी पाण्याच्या वाडग्याशेजारी निश्चल पडलेली दिसली. पुरायला मन होईना, म्हणून बाईंनी तिला फडक्यात बांधून फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारांच्या खणात. हिवाळा संपताना तोस गेली, तीही तिच्याशेजारी. त्याच दिवसांत अंगणातलं अ‍ॅशचं झाड रोगाने वाळलं म्हणून तोडावं लागलं, आणि त्याचं लाकूड न्यायला तू आलीस. ओंडका उचलताना तुझं बोट चेंगरलं. तू बर्फ मागितलास. बाईंनी फ्रीजर उघडला, आणि समोर बेप आणि तोस! बाई हे सांगताना हसत होत्या, डोळे पुसत होत्या. त्यांच्याच झाडाचं लाकूड आणि त्यांचेच साप. तू म्हणाली होतीस म्हणे, हे सगळं मी तुम्हाला एका हातात धरता येईल असं करून देते.

मग त्यांनी काठीने स्वयंपाकघराची फरशी दाखवली. "तिथे बसली होती ती. सुरी हातात घ्यायच्या आधी तिने हात धुतले, त्या दोघींना समोर ठेवलं, हात जोडले आणि गायली."

"काय गायली?" मी विचारलं.

बाईंना शब्द कसे येणार? त्यांनी नुसती चाल गुणगुणली. संथ, शेवट लांबवत. एकदा. मग तीच पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

ताई, ते त्रिशरण होतं. आपली आई शेवट लांबवायची तसंच.

ज्या दोन जिवांवरून मी तुझा धम्म काढला, त्यांच्यासमोर, परक्या घराच्या फरशीवर, एकही टाळी वाजवणारं माणूस नसताना तू त्रिशरण म्हटलं होतंस. आणि मंचावर कोण होतं? मी! मी!

मला रडू आलं. बाईंनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्या धनुष्यावर हात फिरवत होत्या, मुठीपासून एका टोकाकडे, मग दुसऱ्या. शेपटीपाशी बोट थांबलं.

"इथे काय झालं?"

"मी," म्हटलं.

"हं. दिसतंय," त्या म्हणाल्या. तेवढंच. आणि तीच बाजू वर करून धनुष्य मांडीवर ठेवलं.

गाडी आली म्हणून फळा सांगतोय. आटोपतं घेतो.

तू मलाच का निवडलंस ते मला अजून कळलेलं नाही, आणि तू न सांगता गेलीस याचा राग मी सोडणार नाही. तो माझा हक्क आहे, धाकटा आहे मी. पण शब्द देतो तुला. या जयंतीला मंडळाने मला पुन्हा बोलायला सांगितलंय. त्याच सभागृहात, त्याच मंचावर मी उभा राहीन आणि सांगेन की मागच्या वर्षी इथून मी माझ्या बहिणीला दोषी ठरवलं, ते साप म्हातारे होऊन मेले होते, तिने त्यांच्यासाठी त्रिशरण म्हटलं होतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं. ती हयात असताना विचारलं नव्हतं. यात एकही सुभाषित घालणार नाही. टाळी पडली तर थांबवेन. मग खाली उतरून दाराजवळच्या कोपऱ्यात बसेन. तुझी उरलेली तीन धनुष्यं दाजी तिथे मांडणार आहेत. जो येईल, त्याने मला हवं ते विचारावं, टोचून विचारलं तरी चालेल. शेवटचं टेबल आवरलं जाईपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुझा,
सुगत